अमूर्त चित्राची प्रत घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

१८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि मूळ चित्र ज्यांना कधीच परवडलं नसतं, त्यांच्या भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या. प्रत विकत घेण्यात कमीपणा नाही, असं मी मनापासून मानतो. पण अमूर्त चित्राची प्रत घेताना जास्त जपावं लागतं.

लक्ष्मीच्या साडीचा रंग छपाईत थोडा हलला, तरी लक्ष्मी लक्ष्मीच राहते. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रात ओळखायला चेहरा नाही. रोलरनं, पॅलेट नाइफनं म्हणजे रंगाच्या चपट्या सुरीनं चढवलेले आणि खरवडून काढलेले रंगांचे थर, त्यांतून झिरपणारा उजेड, एवढंच तिथे असतं. छटा बिघडली की चित्रच हातातून गेलं, आणि मूळ न पाहिलेल्याला ते कळतही नाही. म्हणून संधी मिळेल तेव्हा त्यांचं मूळ चित्र समोर उभं राहून, वेळ काढून पाहा. मग दुकानात जा.

तिथे शाई विचारा. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण असतात, ते टिकतात. डाय शाई उजेडात लवकर उडते. कागद शंभर टक्के कापसाचा, आम्लरहित हवा. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य राहतं, त्यानं तो पिवळा पडतो. फार झगझगीत पांढऱ्या कागदात बहुधा ब्राइटनर, म्हणजे कागद उजळ दिसावा म्हणून घातलेलं रसायन, असतं. त्याचा असर ओसरला की चित्रातले फिके भाग मळकट दिसू लागतात.

छापण्याच्या हक्कांचंही, म्हणजे कॉपीराइटचंही, विचारा, संकोच करू नका. आपल्या कायद्यानं चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. गायतोंडे २००१ मध्ये गेले, म्हणजे हक्कदारांची परवानगी आजही लागते. आणि आत्ता छापलेल्या प्रतीवर त्यांची पेन्सिलीतली सही कुणी दाखवली, तर तिथून सरळ बाहेर पडा. चित्रकार सईद हैदर रझांनी हयातीत स्वतः सही केलेले सेरिग्राफ, म्हणजे जाळीच्या पडद्यातून शाई दाबून काढलेल्या प्रती, ही गोष्ट वेगळी, त्यांची किंमतही वेगळी.

फ्रेमवाल्याला आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. त्यानं काच कागदापासून लांब राहते; टेकली की पावसाळ्यात बुरशी आलीच. ओल येणारी भिंतही टाळा.

कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेल्या प्रतीही मिळतात. त्या मी घेणार नाही. ते फटकारे गायतोंड्यांचे नसतात.