त्याच दगडापाशी, बारा वर्षांनी

[अंधार. हेडटॉर्चचे तीन ठिपके हळूहळू पुढे सरकतात. पाण्याचा आवाज वाढत जातो.]

पहाटेचे पावणेचार. ओढा अजून दिसत नाही, नुसता ऐकू येतोय. हिमनदीतून निघणाऱ्या ओढ्याचं रोजचं वेळापत्रक असतं. रात्रीच्या थंडीत बर्फ वितळायचा मंदावतो, म्हणून पहाटे पाणी सगळ्यांत कमी. ऊन चढलं की ते वाढायला लागतं, आणि दुपारनंतर याच ओढ्याला मांडीएवढं पाणी असतं.

बारा वर्षांपूर्वी हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही इथे दुपारी तीनला पोहोचलो, आणि अख्खी रात्र अलीकडच्या काठावर बसून काढली. आज पाणी घोट्याच्या जरा वर आहे. बूट पायातच ठेवलेत, कारण तळातले गोटे दिसत नाहीत. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडलाय, पाय घसरलाच तर पिशवी झटकून मोकळं होता यावं म्हणून. तोंड पाणी जिथून येतं त्या बाजूला, काठी पुढे रोवायची, मग एक पाऊल.

पलीकडे पोहोचल्यावर ताई पहिल्यांदा खिसा चाचपते. प्लास्टिकच्या पाकिटातला फोटो कोरडा आहे.

[फोटो, जवळून.]

या फोटोसाठीच आम्ही परत आलोय. तिरक्या दगडावर बसलेली ताई, तिच्या मागे खोरं भरून टाकणारी हिमनदी, आणि सगळ्यांत मागे एक दातेरी कडा. ताई फोटोत हसतेय, पण आदल्या रात्री तिचं डोकं फुटायला आलं होतं, दोनदा उलटी झाली होती. आम्ही घाईने वर आलो होतो. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त उंच न्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा मुक्काम करायचा, हा साधा नियम आम्ही मोडला होता. त्या दगडापासूनच मागे फिरलो. फिरलो म्हणून वाचलो, असं मला आजही वाटतं.

या वेळी तोच टप्पा आम्ही दुप्पट दिवसांत चढलो. आता ताई माझ्या पुढे चालतेय आणि मला तिला गाठताना धाप लागतेय.

या खोऱ्याचं नाव मी सांगणार नाही. वर तंबू लावण्यासारख्या जागा मोजून दोन आहेत, आणि त्या तशाच राहाव्यात असं आम्हा तिघांनाही मनापासून वाटतं.

[उजाडतं. कड्याच्या टोकावर गुलाबी प्रकाश. खाली राखाडी दगडांचा लांबलचक बांध.]

हा समोरचा बांध म्हणजे हिमोढ. हिमनदी पुढे सरकताना दगड, वाळू, माती दोन्ही कडांना लोटत नेते आणि मागे हटली की तो ढीग तसाच उरतो. आल्प्समधल्या बऱ्याच हिमनद्या 1850 च्या सुमारास सगळ्यांत पुढे आल्या होत्या. त्यांच्या तेव्हाच्या उंचीची रेघ आजही अशा बांधांनी आखून ठेवलेली दिसते. वरून बघितलं की खालचा बर्फ किती खोल गेलाय हे मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही.

जुन्या फोटोच्या जागी जाऊन पुन्हा फोटो काढणं ही हिमनद्यांच्या अभ्यासातली जुनी रीत आहे. 13 ऑगस्ट 1941 रोजी विल्यम फील्ड यांनी अलास्कातल्या म्युइर हिमनदीचा एक फोटो काढला. 31 ऑगस्ट 2004 रोजी ब्रूस मोल्निया त्याच जागी उभे राहिले. मधल्या काळात हिमनदीचं तोंड बारा किलोमीटरच्या आसपास मागे गेलं होतं आणि तिची जाडी आठशे मीटरहून जास्त घटली होती. पहिल्या फोटोत चौकट भरून बर्फ आहे. दुसऱ्यात तिथे पाणी आहे आणि उतारांवर हिरवळ. दोन्ही फोटो शेजारी ठेवून मी पहिल्यांदा पाहिले, त्या रात्री आमचा हा फोटो शोधून काढला आणि ताईला फोन केला. ती म्हणाली, "सप्टेंबरमध्येच जाऊ. तारीखही तीच धरू."

तारीख तीच हवी याला कारण आहे. उन्हाळा सरताना वरचं नवं हिम वितळून गेलेलं असतं, म्हणून हिमनदीची खरी कड दिसते. आणि सूर्यही आकाशात जवळपास त्याच उंचीवर येतो, त्यामुळे सावल्या जुळतात. आमच्या फोटोवर वेळ आहे सकाळी 10.42.

[हिमोढाची धार. एकामागून एक तिघं. खडे खाली गडगडतात.]

नऊला आम्ही धारेवर आहोत. मी समजत होतो की जागा लगेच ओळखू येईल. पण इथे तिरके दगड शेकड्याने आहेत आणि आठवणीतला दगड कितीतरी मोठा आहे.

अशा वेळी फोटोवरूनच जागा काढायची असते. एक जवळची खूण घ्यायची आणि एक लांबची. आमच्या फोटोत जवळच्या सुळक्याचं टोक मागच्या कड्यातल्या खाचेला जेमतेम टेकलंय. आपण डावीकडे सरकलो की जवळचा सुळका खाचेच्या उजवीकडे जातो. वर चढलो की तो खाली बसतो. टोक आणि खाच जुळेपर्यंत सरकत राहायचं. ताई फोटो धरून ओरडतेय, "अजून डावीकडे! आता जरा खाली!" आणि मी धारेवर खेकड्यासारखा आडवा चालतोय. पाऊण तास.

आधी दगड सापडला, तोही ताईला. त्याच्यावर पिवळट हिरवा, काळ्या किनारीचा डाग आहे, एखाद्या बेटाच्या नकाशासारखा. ते शैवाक आहे. बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र राहून घडवलेला जीव. याचं शास्त्रीय नाव रायझोकार्पन जिओग्राफिकम, म्हणजे नावातच नकाशा आहे. हे इतकं सावकाश वाढतं की वर्षाला मिलिमीटरभरही नाही. म्हणूनच 1950 च्या दशकापासून संशोधक याच्या डागांची रुंदी मोजून दगड कधीपासून उघडे पडलेत याचा अंदाज बांधतात.

फोटोत हा डाग ताईच्या डाव्या हाताशेजारी आहे. तिने हात पुन्हा तिथेच ठेवला. डाग तेवढाच दिसतो. हातावर मात्र आता शिरा उमटल्यात.

[कॅमेरा दगडावरून उचलून खोऱ्याकडे.]

मागे हिमनदी नाही.

तिथे तळं आहे. बर्फाने खडक घासून केलेली पिठासारखी भुकटी पाण्यात तरंगतेय, तिच्यामुळे पाणी दुधाळ निळं झालंय. बर्फाचं तोंड पार कड्याच्या वळणाआड गेलंय. सुंदर आहे, हे म्हणायला हवं, कारण ते खरंच सुंदर आहे. मी तरी बराच वेळ काही बोललो नाही.

बर्फ जिथून सरला तिथल्या रेतीत वीतभर उंचीची रोपं आलीत. 1802 साली हम्बोल्ट आणि बोनप्लाँ या निसर्गअभ्यासकांनी दक्षिण अमेरिकेतला चिंबोराझो चढताना कुठल्या उंचीवर कुठली वनस्पती आहे याच्या नोंदी केल्या होत्या. 2012 मध्ये संशोधक तो डोंगर पुन्हा चढले तेव्हा वनस्पती बऱ्याच वर सरकलेल्या दिसल्या. नेमक्या किती, या आकड्यावर पुढे वाद झाला. हम्बोल्ट यांच्या काही नोंदी दुसऱ्या डोंगरावरच्या निघाल्या. पण झाडं वर चढलीत, हे फेरतपासणीतही टिकलं.

साडेदहा. आता कॅमेऱ्याची जुनी जागा. सुळका आणि खाच जुळत आलेत, तीन पावलं राहिलीत. मी एक पाऊल टाकतो आणि ताईचा आवाज येतो, "अरे, थांब! पुढे जाऊ नकोस!"

[कॅमेरा सावकाश खाली. माती उभी कापल्यासारखी.]

पुढे जमीन नाही. हिमोढाची आतली बाजू बर्फाच्या आधाराने उभी होती. बर्फ खाली गेला, आधार गेला, तशी ती ढासळत आली. बारा वर्षांपूर्वी मी जिथे गुडघा टेकून फोटो काढला होता, ती जागा आता हवेत आहे. मी पोटावर झोपून मागे सरकलो. छाती धडधडत होती आणि खालून खडे तळ्यात पडल्याचा आवाज येत राहिला.

फोटो आम्ही मागूनच काढला. सुळक्याचं टोक खाचेला टेकत नाही, बोटभर बाजूला राहतं. 10.42 ला ताई दगडावर बसली. "हसू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तुला वाटेल तशी बस." ती हसली नाही, मान वळवून तळ्याकडे बघत बसली.

[संध्याकाळ. उंचवट्यावर एकच तंबू. लांबून ओढ्याचा आवाज.]

आज ओढा ओलांडायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. तंबू तळ्यापासून दूर, उंचावर लावलाय. सैल हिमोढाने अडवलेलं पाणी कधीतरी बांध फोडून निघू शकतं, म्हणून पाणी जिथून वाहून जातं त्या वाटेवर झोपायचं नसतं.

ताईने टॉर्चच्या उजेडात जुन्या फोटोच्या मागे जीपीएसचे आकडे उतरवले. त्याखाली लिहिलं, "कॅमेरा जुन्या जागेपासून तीन पावलं मागे. जुनी जागा ढासळली." मग आजची तारीख, आणि खाली कोरी जागा सोडून तिने फोटो पाकिटात सरकवला.

गजर पहाटे तीनचा लावलाय.