‘उद्धट’ हा शेरा

नमस्कार मंडळी.

मी इथे न्यू जर्सीत सरकारी शाळेत समुपदेशक आहे. माझ्याकडे येणारी बरीचशी मुलं कृष्णवर्णीय घरांतली. त्यातला एक सतत बाक आपटायचा, उलट बोलायचा. शेरा ठरलेला: उद्धट. चार वेळा निलंबन झाल्यावर तो माझ्याकडे आला. मी सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का रे?” तो “हो” म्हणाला आणि ढसाढसा रडला. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको ते भरतं, ही समजूत खोटी आहे. उलट त्याला बोलायला वाट मिळते.

नैराश्य म्हटलं की आपल्याला कोपऱ्यात गप्प बसलेलं मूल दिसतं. या मुलांमध्ये ते पुष्कळदा चिडचिडीतून, डोकेदुखी-पोटदुखीतून बाहेर येतं. मग उपचारांऐवजी शिक्षा होते. मला हे आजही सहन होत नाही.

२०१८ ते २०२१ दरम्यान १० ते २४ वयाच्या कृष्णवर्णीय मुलामुलींमधलं आत्महत्येचं प्रमाण ३६ टक्क्यांहून जास्त वाढलं. आपल्याच राज्याच्या खासदार बॉनी वॉटसन कोलमन यांच्या अध्यक्षतेखाली २०१९मध्येच यासाठी तातडीचं कार्यदल नेमलं गेलं होतं.

दवाखान्यात जा म्हटलं की आजी मान हलवते. का हलवणार नाही? अलाबामा राज्यातल्या टस्कीगीत सरकारी प्रयोगाच्या नावाखाली १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मुद्दाम उपचारांविना ठेवलं होतं. घरोघरी ती आठवण आहे.

म्हणून मदतच मुलांपर्यंत जायला हवी. शिकागोत डीपॉल विद्यापीठाच्या लव्होम रॉबिन्सन यांनी ताण हाताळायला शिकवणारा आधीचा अभ्यासक्रम घेतला आणि या मुलांच्या जगण्याला धरून नव्याने बांधला. पंधरा सत्रं, तीही शाळेतच. अर्कान्सात सुरू झालेला ‘कन्फेस प्रोजेक्ट’ तर न्हाव्यांना ऐकून घ्यायला शिकवतो. मला हे फार पटतं. खुर्चीत बसलेला मुलगा आरशात बघत बोलतो, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

आपल्यातले कितीतरी जण इथे शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत. पुढच्या वेळी कुणाच्या नावापुढे ‘उद्धट’ लिहिण्याआधी त्याला दहा मिनिटं बाजूला घेऊन बसा. आणि ९८८ हा इथल्या आत्महत्या-प्रतिबंधक मदतवाहिनीचा क्रमांक आत्ताच फोनमध्ये साठवा. फोन करा किंवा मेसेज, रात्री-अपरात्रीही. भारतात कुणाला लागला तर तिथली सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी टेलि-मानस, १४४१६. दोन्ही क्रमांक दाराजवळच्या फळ्यावर लिहिलेत, जाताना फोटो काढून घ्या.