कानांनी बघितलेली मालिका

[पहाट. अरुंद बोळ. रिकाम्या घागरींचा आवाज.]

सोलापुरात तारखेपेक्षा पाण्याचा दिवस लक्षात ठेवावा लागतो. उजनी धरण भरलं काय, न भरलं काय, नळाला पाणी रोज येत नाही. मध्ये चार-चार, पाच-पाच दिवस जातात. आज पाण्याचा दिवस. म्हणून पूर्व भागातल्या या बोळात साडेचारलाच दिवे लागलेत. पिंप, बादल्या, घागरी, कळशी, शेवटी कुकरसुद्धा. आज घरात रिकामं भांडं दिसता कामा नये.

विड्या वळणाऱ्या ज्या बाईंमागे आपण दिवसभर फिरणार आहोत, त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. आपणही तेच म्हणू. पाणी भरता भरता अक्का कोपऱ्यातल्या एका गोणपाटावर तांब्याभर पाणी शिंपडतात. गोणपाटात गुंडाळलेली आहेत टेंभुर्णीची पानं. आपण ज्याला तेंदूपत्ता म्हणतो ती. रात्रीच भिजवून ठेवलेली. पान कोरडं राहिलं तर वळताना तडकतं, फार ओलं राहिलं तर विडीला बुरशी धरते. किती ओलं म्हणजे बरोबर, हे अक्कांना विचारलं. त्यांनी एक पान आमच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे एवढं."

[जवळून: पत्र्याचा फर्मा, कात्री, पान.]

चहा व्हायच्या आत पानं कापायची. पानावर पत्र्याचा छोटा फर्मा ठेवायचा आणि त्याच्या कडेने कात्री फिरवायची. जाड शीर मध्ये येऊ द्यायची नाही. एका पानातून किती तुकडे निघतात, यावर महिन्याचा हिशोब हलतो, कारण पानं मोजूनमापून मिळतात. कमी पडली तर भर स्वतःच्या पैशाने. अक्का पान उचलतात, फिरवतात, फर्मा कुठे बसेल ते एका नजरेत ठरवतात. शिंपी महागडं कापड बेततो तसं.

[रस्ता. डोक्यावर, कमरेवर पिशव्या घेतलेल्या बायका.]

साडेआठला अक्का कालच्या हजार विड्या घेऊन निघतात. पंचवीसची एक जुडी, अशा चाळीस जुड्या. जायचं कारखान्यात. इथे कारखाना म्हणायची रीत आहे, पण आत यंत्र एकही नाही. एक वजनकाटा, तंबाखूची पोती, नोंदीची पुस्तकं आणि माल तपासणारा माणूस. खरा कारखाना अक्कांच्या मांडीवर असतो.

हे असं का झालं, त्याला इतिहास आहे. 1877 मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिला लोक अजूनही जुनी मिल म्हणतात. गिरण्यांमागे तेलंगणातून विणकर कुटुंबं आली, बहुतेक पद्मशाली या विणकर समाजातली. गिरण्या गेल्या, माणसं राहिली. पुरुष यंत्रमागावर टॉवेल आणि चादरी विणू लागले, बायकांच्या हाती विडी आली. अक्कांच्या घरी आजही तेच आहे. नवरा मागावर, त्या पानं-तंबाखूच्या सुपापाशी. घरात तेलुगू, बोळात मराठी, आणि भांडणात दोन्ही.

तपासणारा जुडी उचलतो, दाबतो, दोन विड्या उपसून बघतो. सैल, वाकडी, तोंड उघडं राहिलेली विडी बाजूला पडते. तिला छाट म्हणतात. छाट झालेल्या विडीची मजुरी नाही. विडी कामगारांसाठी 1966 मध्ये केंद्राचा कायदा आला. घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच, हे त्या कायद्याने मान्य केलं. त्याखालच्या नियमांनी छाटेला साधारण शेकडा अडीचची मर्यादा घातली. हजारात पंचवीस, म्हणजे बरोबर एक जुडी. आज अक्कांच्या अकरा गेल्या. त्या काही बोलत नाहीत. फक्त पुस्तकातला आकडा दोनदा वाचतात.

[रेशनचं दुकान. रांग.]

परतीच्या वाटेवर नवी पानं आणि तंबाखू पिशवीत असतो, आणि उरलेली कामं डोक्यात. गिरणीत ज्वारी टाकायची, आल्याचा तुकडा, सासूबाईंच्या गुडघ्याचं मलम, आणि रेशन. रेशनच्या यंत्राला अंगठा हवा. अक्का अंगठा टेकवतात. यंत्र नाही म्हणतं. पदराला पुसून पुन्हा टेकवतात. नाही. मग तर्जनी, मग डावा हात. वर्षानुवर्षं पान वळून वळून बोटांच्या रेषाच झिजल्यात. रांगेतली एक बाई सांगते, थोडं तेल लाव, माझं तसंच होतं. पाचव्या वेळेला डाव्या हाताचं मधलं बोट चालतं. तांदूळ मिळतात.

घरी पोचेपर्यंत बहिणीचा फोन. ती कुंभारीला राहते. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला, विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांच्या वसाहतीत. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने, वर्षानुवर्षांच्या मोर्च्यांनंतर ती उभी राहिली, आणि 2006 मध्ये किल्ल्या मिळाल्या. वसाहतीला नाव आहे कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांचं. बहीण म्हणते, इकडे ये राहायला, वारा तरी येतो. अक्का म्हणतात, वाऱ्याने तंबाखू उडेल. दोघी हसतात. हे बोलणं दर आठवड्याला होत असावं.

[दुपार. दारात सूप. फक्त बोटं.]

साडेअकराला सूप मांडीवर येतं. आता थोडा वेळ आम्ही बोलत नाही. तुम्ही नुसतं बघा.

[अर्धं मिनिट, नैसर्गिक आवाज.]

झाली एक. तुकडा घेतला, तंबाखू पसरला, वळला, टोकं दुमडून आत दाबली, सूत गुंडाळलं. आठ तासांत हजार करायच्या तर एका विडीला अर्धं मिनिटही मिळत नाही. आणि यात खोकला, दारावरची भाजीवाली, दुधाचं उतू जाणं, यातलं काहीच धरलेलं नाही.

हात असे गुंतले की कान मोकळे राहतात. केरळमध्ये कण्णूरकडच्या विडी कामगारांनी यावर फार देखणा तोडगा काढला होता. सगळ्यांनी मिळून एकाला वाचायला बसवायचं, त्याने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या. पण ते एका छपराखाली बसणारे लोक. अक्का एकट्या बसतात. त्यांच्या आईच्या वेळी रेडिओ होता. अक्कांना टीव्ही आहे.

[संध्याकाळ. टीव्हीचा निळा उजेड भिंतीवर.]

सात वाजता तीस जुड्या झाल्यात, दहा बाकी. आणि मालिका सुरू होतात.

मनोरंजन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाय पसरून बसलेला माणूस येतो. इथे मांडीवर सूप तसंच आहे. अक्का मालिका बघत नाहीत, ऐकतात. कुठली सून कुठल्या सासूला काय बोलली, हे त्या आवाजावरून सांगतात. नायकाचा चेहरा नीट आठवत नाही, पण त्याला सर्दी झाली होती तो आठवडा आठवतो. वाद्यांचा मोठा दणका झाला की मात्र मान वर जाते. दणका तीनदा होतो, मानही तीनदा जाते, आणि तेवढ्यात एक विडी सैल पडते.

घरातला वेळही मालिकांनी मोजतात. "भात कधी लावू?" लेकीने आतून विचारलं. "ही संपू दे." एका मालिकेत दोन जुड्या होतात, जाहिराती जास्त असल्या तर अडीच. जाहिराती अक्कांना आवडतात. त्यात काही चुकत नाही.

आठची मालिका सासूबाईंची, ती तेलुगू. रिमोट त्यांच्या पदराखाली असतो आणि यावर चर्चा होत नाही. चाळीस वर्षं त्यांनीही विड्या वळल्या. आता बोटं दुमडत नाहीत. या घरात हात रिकामे ठेवून टीव्ही बघणाऱ्या त्या एकट्याच. लेक अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसते, पण नजर पडद्यावर. तिने मघाशी सहज सूप जवळ ओढलं, तर अक्कांनी तिच्या हातावर चापट मारली. जोरात. आमचा कॅमेरा चालू होता, हे त्या विसरल्या असाव्यात.

साडेआठला नवरा मागावरून येतो, कानात अजून यंत्राची खडखड, म्हणून आवाज वाढवायला सांगतो. भाकरी, शेंगाची चटणी, भात आणि चिंचेचं चारू, म्हणजे सार. जेवणात एक अख्खी मालिका जाते. म्हणजे दोन जुड्या गेल्या.

[रात्र. सूत संपत आलेलं रीळ.]

साडेनऊची शेवटची. कथेत एक पत्र कुणाला तरी सापडलंय, महिनाभर त्याचीच वाट बघणं चाललंय. अक्का एकोणचाळिसाव्या जुडीला सूत बांधतायत. पडद्यावर अचानक शांतता. संवाद नाही, दणका नाही, काही नाही. मग शीर्षकगीत. भाग संपला.

अक्का मान वर करतात. "काय झालं?"

लेक पुस्तकावर डोकं टेकून झोपलीय. नवरा बाहेर हात धुतोय. सासूबाई पाय आखडून नीट बसतात, घसा साफ करतात आणि तेलुगूत सांगायला लागतात. त्याने पत्र उघडलं. वाचलं. दिव्यावर धरलं. पण ती दाराच्या फटीतून बघत होती, हिरव्या साडीतली, धाकटी. सासूबाई धाकटीचे डोळे कसे झाले तेही करून दाखवतात. मग त्याने पत्र खिशात ठेवलं, जाळलं नाही.

"जाळलं नाही?" अक्का विचारतात. बोटं थांबलेली नाहीत.

"नाही. ऐक ना पुढे."

[गोणपाटावर पाणी पडण्याचा आवाज. अंधार.]