मस्टचा भूतकाळ कुठे गेला?

शाळेत इंग्रजीचा एक तक्ता पाठ करायला लावायचे, आठवतोय ना? कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे पाहिजे, आणि शुड म्हणजे... ते पण पाहिजेच. मग दोघांत फरक काय विचारलं की उत्तर यायचं, तेवढं परीक्षेला नसतं. माझा घोळ तिथूनच सुरू झाला.

कॅन, मस्ट, शुड अशा या सहाय्यक क्रियापदांना मोडल्स म्हणतात, त्यातली मुख्य नऊ. रचना सोपी आहे, त्यात वेळ घालवत नाही: एस लागत नाही, पुढे टू येत नाही, प्रश्नाला डू लागत नाही. ‘ही कॅन्स’ नाही, ‘मस्ट टू गो’ तर अजिबातच नाही. एस का नाही, तर कॅन, मे, शॅल ही रूपं मुळात फार जुन्या भूतकाळाची, पुढे ती वर्तमानात वापरात आली आणि भूतकाळाला एस कुठे असतो? मस्टचं पण तेच, तो स्वतःच एका जुन्या क्रियापदाचा भूतकाळ, म्हणून आता त्याला आणखी भूतकाळ उरलेला नाही, काल जावं लागलं म्हणायचं तर हॅड टू गो.

आता खरी गंमत. मी एकदा कामाच्या मेलमध्ये लिहिलं, ‘यू मस्ट नॉट कम टुमॉरो’. माझ्या डोक्यात होतं उद्या नाही आलात तरी चालेल, आणि समोरच्याने वाचलं, उद्या यायचं नाही! बिचारा फोन करून विचारतोय काही चुकलं का. तिथे ‘यू डोन्ट हॅव टू कम’ हवं होतं.

म्हणून मी म्हणतो तक्ता सोडा, आपल्या क्रियापदाचं शेपूट बघा. कोणी फोन उचलत नाहीये. ‘झोपला असेल’ म्हणालात तर माइट बी, ‘झोपलाच असणार’ म्हणालात तर मस्ट बी. आणि ‘झोपला असणं शक्यच नाही’ याला लोक मस्ट नॉट बी लावतात, तिथे कान्ट बी येतं. ‘फोन करायला हवा होता’ म्हणजे शुड हॅव कॉल्ड, आणि त्यात केला नाही हे आलंच. (इंग्रजच त्याचं ‘शुड ऑफ’ लिहितात कधीकधी, कानाला तसंच ऐकू येतं ना, आपण नको लिहायला.)

कुडला जरा जपून. लहानपणी पोहता यायचं, आय कुड स्विम, बरोबर. पण काल धावत जाऊन शेवटची गाडी पकडू शकलो, तर ‘आय कुड कॅच’ नाही, वॉज एबल टू किंवा सरळ कॉट म्हणा. नकारात मात्र कुडन्ट बिनधास्त चालतं, आता असं का ते विचारू नका, भाषा आहे ती.

काय म्हणालात? शॅल आता कोण वापरतं? अहो, ‘खिडकी उघडू का?’ हे कसं विचारणार? शॅल आय ओपन द विंडो. तिथे विल आय म्हणालात तर ते ‘मी खिडकी उघडणार आहे का’ असं होतं, मग समोरचा म्हणेल मला काय माहीत, ज्योतिषाला विचारा.