बॉनेटखालची अपुरी जागा: जुन्या स्पोर्ट्स कारमधील दोषाचा शोध

1967 मध्ये एमजीसी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आली, तेव्हा तिच्या बॉनेटवर एक रुंद फुगवटा होता आणि त्यावर थेंबाच्या आकाराचा आणखी एक लहान उंचवटा होता. चार सिलिंडरच्या एमजीबीच्या सांगाड्यात सहा सिलिंडरचे इंजिन बसवल्यामुळे रेडिएटर आणि कार्ब्युरेटर यांच्यासाठी वर जागा काढावी लागली होती. त्याआधी 1964 मध्ये आलेल्या सनबीम टायगरमध्ये फोर्डचे 4.3 लिटरचे व्ही-8 इंजिन इतके दाटीने बसवले होते की डावीकडच्या सर्वांत मागच्या स्पार्क प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी गाडीच्या आतून, फायरवॉलमधल्या (इंजिन आणि प्रवाशांची जागा यांमधल्या पत्र्यातल्या) छिद्रातून पाना घालावा लागे. अशा गाड्यांत जागेची तंगी जन्मापासूनच असते. म्हणूनच इंजिन कुठेतरी घासत असल्याची तक्रार आली की पत्रा ठोकायला किंवा कापायला घेण्याआधी, ही तंगी मूळचीच आहे की नंतर उद्भवलेली आहे, हे ठरवणे अत्यावश्यक ठरते.

पहिला पुरावा घासल्याच्या खुणांत मिळतो. खुणेतला धातू चकचकीत असेल तर घर्षण आजही चालू आहे. तिच्यावर गंज किंवा तेलकट धूळ बसली असेल तर ती बहुधा जुनी आहे. ओरखड्यांची दिशाही बारकाईने पाहावी. रेडिएटरच्या जाळीवर पंख्याने कोरलेला गोल चरा असेल, तर जोरात ब्रेक लागताना इंजिन पुढे सरकत असल्याची शक्यता मोठी असते. एअर फिल्टरच्या झाकणावरची एका कडेची खूण मात्र इंजिन कुशीवर कलत असल्याचे सुचवते.

बंद बॉनेटखाली नजर पोहोचत नाही, तेथे मऊ क्ले उपयोगी पडते. एअर फिल्टरच्या सर्वांत उंच भागावर क्लेचे जाड गोळे ठेवून त्यांवर पातळ प्लास्टिक पसरावे, बॉनेट सावकाश बंद करून पुन्हा उघडावे, आणि दबलेल्या क्लेची जाडी व्हर्नियरने मोजावी. पण हे माप उभ्या गाडीचे आहे, आणि खरी अडचण चालत्या गाडीत असते.

येथे एक चूक सर्रास होते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो, इंजिन किंचित थरथरते, आणि सर्व ठीक असल्याचा निष्कर्ष काढला जातो. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकसंध असल्यामुळे, या जोडीला पिळणारी प्रतिक्रिया गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या टॉर्कएवढी (फिरवणाऱ्या जोराएवढी) असते; पहिल्या गिअरचे प्रमाण तीनाच्या आसपास असेल, तर ती इंजिनाच्या टॉर्कच्या तिप्पट होते. चालकाच्या आसनावरून पाहता क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असेल, जसा तो बहुतेक इंजिनांत फिरतो, तर पुढच्या गिअरमध्ये इंजिनाची डावी बाजू उचलली जाते आणि रिव्हर्समध्ये उजवी. म्हणून चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक ओढून आणि ब्रेक पूर्ण दाबून, क्लच जेमतेम पकडेपर्यंतच सोडावा, आणि दोन्ही दिशांना इंजिन किती कलते ते सहकाऱ्याने बाजूला उभे राहून पाहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही थांबू नये.

इंजिन जास्त कलत असेल, तर माझ्या मते पहिला संशय माउंटिंगच्या, म्हणजे इंजिनाला सांगाड्यावर धरून ठेवणाऱ्या आधारांच्या, रबरावर घ्यावा. तेल मुरलेले रबर मऊ पडून खचते, आणि धातूच्या पट्टीपासून सुटलेले रबर वजनाखाली दबून राहिल्यामुळे वरून अगदी निर्दोष दिसते. ऑइल चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन हलकेच उचलले की लपलेली फट उघडी पडते. गिअरबॉक्सखालच्या माउंटिंगकडे मात्र फार क्वचित लक्ष जाते. ते खचले की गिअरबॉक्सची शेपटी खाली जाते आणि इंजिनाचे पुढचे टोक वर उचलले जाते. मग पंखा आणि बॉनेट यांच्यातले अंतर घटते आणि दोष मात्र पुढच्या माउंटिंगवर येतो.

उष्णतेचा विचार वेगळा करावा लागतो. एक मीटर लांबीचा पोलादी एक्झॉस्ट पाइप 500 अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे 6 मिलिमीटरने वाढतो, त्यामुळे थंड असताना स्टिअरिंग कॉलमपासून सुटा दिसणारा पाइप लांबच्या प्रवासात त्याला टेकू शकतो. ब्रेकची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून (सिलिंडरांमधला तप्त धूर गोळा करणाऱ्या नळ्यांजवळून) जात असेल, तर स्पर्श नसतानाही धोका राहतो, कारण तापलेला ब्रेक ऑइल उकळला की पेडल खोल जाते.

नवी माउंटिंग बसवताना बोल्ट आधी सैल ठेवावेत, एक्झॉस्टचे जोडही ढिले करावेत, इंजिन स्वतःच्या वजनाने जागेवर बसू द्यावे आणि त्यानंतरच सर्व काही आवळावे. एक्झॉस्टने ओढून धरलेले इंजिन नव्या रबरावरही तिरकेच बसते. त्यानंतर क्लेची चाचणी पुन्हा घ्यावी, आणि तेव्हाही जागा अपुरी भरली, तरच पत्र्याला हात लावावा.