जवसाच्या केंद्रकात डीएनए किती?

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या नागपूर-भंडाऱ्याच्या शिवारात रब्बीला निळं फुलणारं जवस आणि त्याचे रानातले भाऊबंद यांचा जीनोम, म्हणजे डीएनएचा एक पूर्ण संच, किती मोठा, हे कसं मोजतात ते आज पाहू.

सकाळी उन्हाआधी शेंड्याची कोवळी पानं खुडा आणि ओल्या टिपकागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवा. सुकलेलं पान निरुपयोगी. अशी 50 मिलिग्रॅम पानं आणि तितकंच मुळ्याच्या ‘साक्सा’ वाणाचं पान एकाच बशीत घ्यायचं. वर 1 मिलिलिटर थंडगार बफर, म्हणजे केंद्रकं शाबूत ठेवणारं द्रावण, घालून नव्या कोऱ्या ब्लेडनं बारीक चिरायचं. बोथट ब्लेडनं केंद्रकं चिरडतात. मग 30 मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळून प्रोपिडियम आयोडाइड (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) आणि आरएनेज (आरएनए तोडणारं विकर), दोन्ही मिलिलिटरला 50 मायक्रोग्रॅम घाला. आरएनेज विसरलात तर रंग आरएनएलाही चिकटतो आणि आकडा फुगतो. गाळ तपकिरी दिसला तर बफरमध्ये 1 टक्का पीव्हीपी, म्हणजे पानातली तपकिरी द्रव्यं बांधून ठेवणारी पूड, घालून पुन्हा करा.

मुळा कशाला? तराजूला वजन लागतं, तसा तो. त्याच्या केंद्रकात 1.11 पिकोग्रॅम डीएनए असतो; पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एकेका केंद्रकाची चमक मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटर यंत्राच्या आलेखात मुळ्याचं शिखर 300 वर आणि जवसाचं 204 वर आलं, असं धरा. 204 भागिले 300, गुणिले 1.11, म्हणजे 0.755 पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे 978 दशलक्ष बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या. केंद्रकात जीनोमच्या दोन प्रती असतात, म्हणून त्यानं गुणून निम्मं केलं की 369 दशलक्ष येतात. जवसाचा जीनोम साधारण एवढाच आहे. शिखर पसरट, म्हणजे सीव्ही (शिखराच्या पसरटपणाचं टक्केवारीतलं माप) 5 टक्क्यांवर गेला, तर तो आकडा वहीत लिहूच नका. तीन झाडं, तीन वेगवेगळे दिवस, हा नियम पाळाच.

गुणसूत्रं मोजून मात्र जीनोमचा अंदाज बांधू नका. जवसाला 30 गुणसूत्रं, त्याचा रानटी पूर्वज लायनम बायेने यालाही 30. लायनम टेन्यू या रानटी जातीला 20च, पण तिचा जीनोम सुमारे 700 दशलक्ष, जवसाच्या जवळपास दुप्पट!

आणखी एक. ड्युरंट या शास्त्रज्ञांनी जवसाच्या ‘स्टॉर्मोंट सिरस’ या वाणाला वेगवेगळी खतं दिली आणि तो प्रयोग 1962 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून निघालेल्या वंशांत डीएनएचा फरक 16 टक्क्यांपर्यंत भरला आणि तो पुढच्या पिढ्यांत टिकला. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर वाणाच्या नावाखाली खताची मात्राही लिहा.