हेडला दाबून कोण धरतं?

(दृश्य: लिफ्टवर चढलेली ट्रकची कॅब, खाली चासिसवर उघडं पडलेलं व्ही-८ इंजिन)

कॅबचे माउंट बोल्ट सोडले, स्टिअरिंगचा शाफ्ट सुटा केला, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंगचे सॉकेट काढले, आणि अख्खी कॅब चासिसवरून वर घेतली. एवढा खटाटोप कशासाठी? हेड (सिलिंडरांचं वरचं झाकण) आणि ब्लॉक (खालचा, सिलिंडर असलेला ठोकळा) यांच्या मध्ये सांधा बंद ठेवायला बसणारी पोलादी पत्र्यांची एक पातळ गॅस्केट बदलण्यासाठी.

हे फोर्डच्या सुपर ड्यूटी ट्रकमधलं ६.० लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल. बांधलं नेव्हिस्टारने, मॉडेल वर्षं २००३ ते २००७. इंजिनाची मागची बाजू कॅबखाली शिरलेली असते, म्हणून बरेच मेकॅनिक सरळ कॅबच उचलतात. न उचलताही काम होतं. मात्र आधी आपल्या कमरेला विचारून घ्यावं.

तक्रार बहुधा एकच. चढावर ओझं ओढताना कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीच्या झाकणातून ते बाहेर येतं आणि टाकीभोवती पांढुरके ओघळ सुकलेले दिसतात. थंड इंजिन सुरू केलं की थोड्याच वेळात रेडिएटरचा होज टणक होतो. पाणी तापायच्या आत हा दाब आला कुठून? सिलिंडरमधून.

(दृश्य: सिलिंडरचा बोअर, वरून)

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ९५ मिलिमीटर. डिझेल पेटताना आत १५० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दीडशे पट, दाब झाला असं धरा. हिशेब केला तर एकेका सिलिंडरमधून हेडला वर ढकलणारा जोर जवळजवळ ११ टन भरतो. मिनिटाला २००० फेरे असतील, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हा धक्का मिनिटाला हजार वेळा बसतो. जास्त ताकदीच्या हव्यासाने ट्यूनिंग करून टर्बोचा बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवला, की आकडा आणखी चढतो. हेडला दाबून धरायला एका सिलिंडरभोवती बोल्ट मात्र चारच, आधीच्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये सहा होते. हेड केसभर उचललं गेलं तरी जळता वायू कूलंटच्या वाटेत घुसतो. मग आपण म्हणतो, गॅस्केट उडाली. बिचारीचा दोष बहुतेक वेळा नसतोच.

कंपनीचे मूळ बोल्ट ताणून बसवायचे असतात. आवळताना ते मुद्दाम इतके ताणले जातात की पुन्हा मूळ लांबीवर येत नाहीत. म्हणून एकदा काढलेला बोल्ट परत लावायचा नाही. त्याहून जास्त दाब हवा असेल, तर जास्त मजबूत पोलादाचे स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे, घालतात. स्टड ब्लॉकमध्ये हातानेच बसवायचा, आवळायचा तो वरचा नट. त्यामुळे ब्लॉकच्या आट्यांवर पीळ पडत नाही, आणि वरचे आटे बारीक असल्याने ताण नेमका देता येतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. टॉर्क पान्यावर (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यावर) दिसणाऱ्या आकड्यातला साधारण दहावा हिस्साच स्टड ताणायला लागतो. बाकीचा सगळा घर्षणात जातो. म्हणून आट्यांना आणि वायसरला स्टडच्या किटमधलंच वंगण लावायचं. हाताशी आहे ते ऑइल चोपडलं, तर पान्यावर आकडा तोच येईल, पण ताण वेगळाच असेल. आवळायचं तीन टप्प्यांत, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दिलेल्या क्रमाने.

(दृश्य: ब्लॉकच्या सपाटीवर सरळ पट्टी, खाली फिलर गेज)

पण स्टडचं कौतुक जरा जास्तच होतं. माझ्या मते कामाचा निकाल लागतो तो या सपाटीवर. पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून खाली फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) सरकवून फट पाहायची. हेड वाकलेलं निघालं तर मशीनवर फेसिंग, म्हणजे तासून सपाट करणं. तडे आहेत का, तेही तिथेच तपासून घ्यायचं. वाकडं हेड कोणताही स्टड सरळ करत नाही. जुनी गॅस्केट खरवडताना ग्राइंडरला घासणारी चकती लावायचा मोह होतो. तो टाळा. चकतीची भुकटी ऑइलमध्ये गेली की बेअरिंग खाते, शिवाय सपाटीवर खड्डे पडतात आणि पोलादी गॅस्केटला ते चालत नाहीत. बोल्टची भोकंही कोरडी हवीत. तळाशी ऑइल किंवा कूलंट साचलेलं असेल, तर वरून आवळताना त्याला पळायला वाट नसते आणि ब्लॉक तडकू शकतो.

गॅस्केट मागवण्याआधी डॉवेल पिन (हेड आणि गॅस्केट नेमक्या जागी बसवणारी खुंटी) मोजा. याच इंजिनात ती नंतरच्या काळात १८ मिलिमीटरची २० झाली, आणि गॅस्केटचं भोक तिला जुळायला हवं.

आणि ऑइल कूलर? तो गाळाने तुंबला की त्याच्यानंतरच्या ईजीआर कूलरला (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणाऱ्या कूलरला) पाणी पुरत नाही. तिथलं पाणी उकळतं, कूलर फुटतो, कूलंट इंजिनाच्या आत जातं आणि भार पुन्हा हेडवरच येतो. दोन्ही कूलर न तपासता हेड बसवलं, तर काम अर्धंच झालं.

(दृश्य: कूलंटच्या होजला जोडलेला दाबमापक, काटा जवळून)

सगळं जोडून झालं, कूलंटमधली हवा काढली. आता ट्रक ओझ्यासह चढावर. पाणी तापेल तसा काटा सावकाश चढला तर ठीक. अॅक्सिलरेटर दाबताच उडी मारली, तर वायू अजून शिरतोय. थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी झाकण सैल करून पाहायचं. तेव्हाही फुस्स आवाज आला, तर हेड पुन्हा उतरवावं लागेल.